गेम आर्ट, ॲनिमेशन, व्हीएफएक्स: रत्नागिरीतून पदवीपर्यंतची वाट

बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. निकालानंतर रत्नागिरीतल्या घराघरांत ठरलेली चर्चा सुरू होते: इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, नाहीतर स्पर्धा परीक्षा. अलीकडे या यादीबाहेरचा एक हट्टही कानावर येतो. मुलगी म्हणते ॲनिमेशन शिकायचंय, मुलगा म्हणतो गेम बनवायचेत. आईवडिलांच्या पोटात गोळा येतो आणि तो रास्त आहे, कारण या क्षेत्राची माहिती घरात येते ती बहुतेक वेळा क्लासच्या जाहिरातीतूनच. जाहिरातीत सॉफ्टवेअरची नावं असतात आणि पगाराचे आकडे असतात. शिकायचं नेमकं काय, हे तिथे क्वचितच सापडतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही विद्या आधी डोळ्यांची आणि हाताची आहे, संगणकाची नंतर. कोर्स निवडतानाही हीच कसोटी लावावी.

एका पाटीखाली तीन धंदे

जाहिरातीच्या फलकावर गेम आर्ट, ॲनिमेशन आणि व्हीएफएक्स हे तिन्ही शब्द एका ओळीत असतात, म्हणून ते एकच काम आहे असा समज होतो. ॲनिमेशन म्हणजे निर्जीव चित्राला किंवा त्रिमितीय बाहुलीला हालचाल देणं, आणि त्या हालचालीतून स्वभाव दाखवणं. गेम आर्ट म्हणजे खेळणारा ज्या जगात फिरतो ते जग घडवणं: माणसं, घरं, झाडं, हत्यारं, प्रकाश. व्हीएफएक्स म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या दृश्यात नसलेलं काही घालणं किंवा असलेलं काही काढून टाकणं, तेही प्रेक्षकाला पत्ता लागू न देता. तिन्हींचा पाया सारखा आहे, पण तिन्हींना लागणारा स्वभाव वेगळा. ज्याला अभिनय आवडतो त्याने ॲनिमेशनकडे वळावं. ज्याला वस्तू कशी बनलीय याचं कुतूहल आहे तो गेम आर्टमध्ये रमेल. प्रकाश आणि कॅमेरा ज्याला खुणावतो, त्याच्यासाठी व्हीएफएक्स आहे.

मिरकरवाड्याच्या बंदरावर ॲनिमेशनचा पहिला धडा

ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जो स्वाध्याय हमखास मिळतो तो म्हणजे चालणारा माणूस. सिनेमाचं एक सेकंद 24 चौकटींचं असतं. साधारण चालीत माणूस सेकंदाला दोन पावलं टाकतो, म्हणजे एका पावलाला 12 चौकटी. त्यात चार मुख्य अवस्था पकडायच्या असतात: टाच जमिनीला टेकते ती, त्यानंतर शरीराचा भार खाली दबतो ती, मागचा पाय पुढच्या पायाशेजारून जातो ती, आणि अंग पुन्हा वर उचललं जातं ती. या चार चित्रांमध्ये बाकीची चित्रं भरली, की माणूस चालू लागतो. चालतो, पण तो कोणीच नसतो. त्याला वय नसतं, थकवा नसतो, घाई नसते.

आता सकाळी मिरकरवाडा बंदरावर जाऊन डोक्यावर मासळीची टोपली घेतलेल्या बाईची चाल पाहा. साध्या चालीत डोकं प्रत्येक पावलाला वरखाली होतं. तिचं होत नाही, कारण टोपली सांडता कामा नये. मग तो हेलकावा जातो कुठे? तो गुडघे पितात आणि कंबर पिते. पावलं आखूड पडतात, पाय जमिनीपासून फारसा सुटत नाही. एक हात टोपलीच्या काठाला, त्यामुळे झुलायला एकच हात उरतो, आणि तो जरा जास्तच झुलतो. ओल्या फरशीवर आली की ती टाच आधी न टेकवता सगळं पाऊल सपाट ठेवते. हे ज्याने पाहिलं आणि वहीत उतरवलं, त्याच्या पुढच्या चार चित्रांत एक जिवंत बाई असेल.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन ॲनिमेटरांनी 1981 साली आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. दाब आणि ताण, हालचालीआधीची तयारी, वेग धरणं आणि सोडणं वगैरे. जगभरच्या विद्यापीठांत आजही तीच शिकवली जातात. ती पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. बंदरावर, एसटी स्टँडवर, शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांच्या खांद्यांत ती ओळखायला मात्र वर्षं लागतात, आणि चांगला कोर्स या सरावासाठी वेळ ठेवतो.

जांभ्याची भिंत गेममध्ये कशी येते

गेम आर्टचं काम समजून घ्यायला घराबाहेरची जांभ्या दगडाची भिंत पुरेशी आहे. आधी तिचे भरपूर फोटो काढायचे, तेही ढगाळ दिवशी, म्हणजे सावल्या फोटोत चिकटत नाहीत. मग संगणकावर भिंतीचा साधा आकार उभा करायचा. शिल्पकार माती घडवतो तसा दुसरा, बारीक तपशिलांचा आकार वेगळा घडवायचा: जांभ्याची भोकं, चिऱ्यांच्या झिजलेल्या कडा, सांध्यातला सिमेंटचा उंचवटा. हा दुसरा आकार गेममध्ये थेट टाकता येत नाही, कारण तो फार जड असतो. त्याच्या पृष्ठभागाचा ठिकठिकाणचा कल एका प्रतिमेत साठवून ती प्रतिमा हलक्या आकारावर चढवतात. पृष्ठभाग सपाट असूनही प्रकाश त्यावर खडबडीत पडल्यासारखा दिसतो. या प्रतिमेला नॉर्मल मॅप म्हणतात. त्यावर रंगाचा थर, चकाकीचा थर आणि पावसाळ्यात पायथ्याशी चढणाऱ्या शेवाळाचा थर.

एवढी काटकसर कशासाठी? सिनेमाची एक चौकट तयार करायला संगणकाने तास-तास घेतले तरी चालतं. गेममध्ये सेकंदाला 60 चौकटी हव्या असतील, तर एका चौकटीला मिळतात जेमतेम 16 मिलीसेकंद, आणि तेवढ्यात सगळं गाव, सगळी माणसं, सगळा पाऊस उभा राहायला हवा. म्हणून गेम आर्टिस्टला सौंदर्यदृष्टीइतकीच हिशेबाची सवय लागते. गणित अजिबात नको म्हणून या वाटेला येणाऱ्या मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं.

आपल्याजवळ गेम आर्टचं उत्तम उदाहरण पुण्यात आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 2020 मध्ये ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम आणला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांतून त्याचं जग उभं राहिलं आणि ते जगभर खेळलं गेलं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 2024 मध्ये ‘इंडस’ हा लढाईचा गेम मोबाइलवर आणला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. कोकणच्या वास्तूंवर, नमन-खेळ्यांवर उभा राहिलेला तसा गेम अजून माझ्या पाहण्यात नाही. तो कोणीतरी करावा असं मनापासून वाटतं.

व्हीएफएक्स: दिसू नये म्हणून केलेली मेहनत

‘तानाजी’ हा 2020 चा चित्रपट सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याची दृश्यकरामत एनवाय व्हीएफएक्सवाला या मुंबईच्या कंपनीने प्रसाद सुतार यांच्या देखरेखीखाली केली. कडे, किल्ले, रात्र, यातलं किती खरं आणि किती रचलेलं हे प्रेक्षक शोधत बसत नाही, आणि हेच त्या कामाचं यश.

या क्षेत्रात शिरणारा मुलगा पहिल्या दिवसापासून राक्षस आणि स्फोट करत नाही. बहुतेकांची सुरुवात रोटो, पेंट किंवा मॅचमूव्हपासून होते. रोटो म्हणजे नटाची बाह्यरेषा चौकटीमागून चौकट कापून वेगळी काढणं, केसांच्या बटांसकट. पेंट म्हणजे दोर, आधाराच्या तारा, माइकची सावली पुसणं. मॅचमूव्ह म्हणजे खरा कॅमेरा जसा हलला तसाच संगणकातला कॅमेरा हलवणं. मग कंपोझिटिंग, म्हणजे सगळे थर एका प्रकाशात, एका धूसरतेत बसवणं. जयगडच्या खाडीवर सकाळचं धुकं पाहणाऱ्याला दूरची वस्तू फिकट आणि निळसर का दिसते हे सांगावं लागत नाही. कंपोझिटरला रोज तेच ज्ञान लागतं.

फाळक्यांपासूनची परंपरा

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे असं समजणाऱ्यांनी दादासाहेब फाळक्यांकडे पाहावं. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेत टिपली होती. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं. 1915 च्या सुमारास त्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. 1917 च्या ‘लंकादहन’मधला हनुमान उडताना दिसला तो कॅमेऱ्याच्या युक्त्यांमुळे. फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई असं सगळं शिकून घेतलं होतं.

त्याहून जुनं उदाहरण शेजारच्या सिंधुदुर्गात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग सुट्या कागदांवर रंगवायचे, त्यांची पोथी करायची, आणि गात-वाजवत एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरायचं. कुठला क्षण चित्रात घ्यायचा, कुठला कथेवर सोडायचा, हा निर्णय त्यात असतो. आजच्या स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढणारा हाच निर्णय घेत असतो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्या कोकणातल्या मुलाने पिंगुळीला एक दिवस द्यावाच.

पदवी की सर्टिफिकेट

स्टुडिओ काम पाहून घेतात, कागद पाहून नाही, हे खरं आहे. मग तीन-चार वर्षं पदवीत कशाला घालायची? एक कारण व्यवहाराचं. परदेशात नोकरीसाठी व्हिसा काढताना, पदव्युत्तर शिक्षणाला जाताना किंवा कुठे शिकवायचं झालं तर मान्यताप्राप्त पदवी लागते, आणि तेव्हा मागे वळून ती घेता येत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्षभराच्या कोर्समध्ये सॉफ्टवेअर शिकून होतं, पण जिवंत माणूस समोर बसवून रेखाटन, शरीररचना, रंगविचार, चित्रपटाचा इतिहास, कथेची बांधणी यांना वेळ उरत नाही. सॉफ्टवेअर पाच वर्षांत बदलतं. खांद्याचं हाड कुठे असतं ते बदलत नाही.

मात्र ‘पदवी’ हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. काही क्लास कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठाची पदवी जोडून देतात. विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का आणि त्याला आपल्या राज्यात असं केंद्र चालवण्याची परवानगी आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा. मग पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात रेखाटन नसून सॉफ्टवेअरच असेल, तर मी तिथून उठून येईन. शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणत्या चित्रपटावर किंवा गेमवर काम केलंय ते विचारा, आणि मागच्या वर्षीच्या सामान्य विद्यार्थ्याचं काम पाहायला मागा. सगळ्यांत हुशार मुलाचं काम तर भिंतीवर लावलेलंच असतं.

वाट कुठून कुठे जाते

पहिला टप्पा शाळेतच आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा द्याव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए श्रेणीला 7, बी ला 5, सी ला 3, म्हणून पुष्कळ मुलं त्या देतात आणि दहावीनंतर चित्रकलेची वही बंद करतात. ती बंद करू नये.

जिल्ह्यातच कलाशिक्षणाची दोन चांगली ठिकाणं आहेत: चिपळूण तालुक्यात सावर्ड्याचं सह्याद्री कला महाविद्यालय आणि संगमेश्वर तालुक्यात देवरुखचं कला महाविद्यालय, डी-कॅड. गेम किंवा व्हीएफएक्सची शाखा म्हणून तिथे जायचं नाही. चित्र-शिल्पाचा हात घडवायला जायचं. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर, तिथे कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स आहेत. या पायावर नंतर त्रिमितीय शिल्प किंवा पात्ररचना शिकणारा मुलगा, नुसतं सॉफ्टवेअर शिकलेल्याच्या पुढे जातो.

राज्यातल्या कला पदवीसाठी सीईटी सेलची परीक्षा असते. त्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं, सोबत सामान्यज्ञान. स्मरणचित्राचा सराव ॲनिमेशनला फार उपयोगी. 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. ला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम त्यांच्याच संकेतस्थळावर पाहावेत.

डिझाईनच्या वाटेने जायचं तर मुंबई आयआयटीचं आयडीसी आहे. 1969 पासूनची ही संस्था. 2015 पासून तिथे बी.डेस. ही पदवी आहे. प्रवेश यूसीड परीक्षेतून. ती कुठल्याही शाखेची बारावी झालेल्याला देता येते, कला शाखेलाही, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नाही. आयआयटी म्हटलं की जेईई, असं समजून मुलं सोडून देतात. तिथल्या प्राध्यापक शिल्पा रानडे यांनी ‘गूपी गवैया बाघा बजैया’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट 2013 मध्ये केला. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईन संस्थेत ॲनिमेशन फिल्म डिझाईन हा पदवीचाच विषय आहे. त्याची परीक्षा वेगळी, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांची. खासगीत पुण्याचं एमआयटी-एडीटी विद्यापीठ आणि गोरेगावच्या चित्रनगरीतलं व्हिसलिंग वूड्स ही नावं घेतली जातात. मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभी राहिलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज 2025 च्या जुलैमध्ये सुरू झाली. सगळा भर याच विषयांवर असलेली ती संस्था आहे. तिथला कोणता अभ्यासक्रम किती मुदतीचा आणि शेवटी पदवी की प्रमाणपत्र, हे अर्ज भरताना वाचून घ्यावं.

पैशांचं

सरकारी कला महाविद्यालयाची फी मध्यमवर्गीय घराला झेपते. खासगी विद्यापीठात वर्षाला काही लाख जातात, त्यावर पुण्या-मुंबईतलं राहणं आणि चांगला संगणक. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क माफ आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती सवलत लागू नाही. मुलीसाठी संस्था निवडताना हा फरक काही लाखांचा ठरतो.

सॉफ्टवेअरसाठी मात्र घर गहाण टाकायची गरज नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. लॅटव्हियात तयार झालेला ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट त्यावर केला गेला आणि 2025 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. रंगकामाला क्रिटा मोफत आहे. अनरियल इंजिन शिकायला पैसे पडत नाहीत. बारावीच्या सुट्टीत ब्लेंडरवर दोन महिने घालवले, तर हे आपल्याला खरंच आवडतं का ते कळतं, आणि ते चार वर्षांची फी भरण्याआधी कळलेलं चांगलं.

पोर्टफोलिओत काय ठेवावं

निवड करणारे लोक दरवर्षी सारखीच चित्रं पाहतात: जपानी कार्टूनमधले डोळे, तलवार घेतलेला योद्धा, मोबाइलवरून उतरवलेला नटाचा चेहरा. रत्नागिरीच्या मुलाकडे दाखवायला याहून कितीतरी अधिक आहे. काळा वेष आणि टोकदार टोपीतला संकासूर घ्या. त्याचं पुढून, बाजूने, मागून चित्र काढा, त्याच्या सहा मुद्रा काढा, तो कसा उडी मारतो ते काढा. पात्ररचनेचं अख्खं पान तयार होतं. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या आकाराच्या आत इतर प्राणी कोरलेले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कडेला उभं राहून, शिल्पावर पाय न ठेवता, मोबाइलने एकमेकांवर चढणारे फोटो काढले तर त्यांतून त्रिमितीय आकार करता येतो. थिबा राजवाड्याचा एक सज्जा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी रंगवला तर प्रकाशाचा अभ्यास होतो. समुद्राची जलरंगचित्रं करणारे प्र. अ. धोंड याच कोकणाचे आणि पुढे जे. जे. चे अधिष्ठाता झाले.

आणखी एक. कच्ची वही सोबत ठेवा. पंधरा सफाईदार चित्रांपेक्षा माणूस विचार कसा करतो हे कच्च्या पानांवर दिसतं, आणि परीक्षक तेच शोधत असतात.

नोकरीचं खरं चित्र

हे क्षेत्र वाढतंय, पण सरळ रेषेत नाही. 2013 च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्यकरामतीचं ऑस्कर मिळालं. त्यातला वाघ घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या कंपनीने त्याआधी काही दिवसच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्या कामात तिच्या मुंबईच्या स्टुडिओचाही वाटा होता. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला आणि बंगळूर-मुंबईतल्या हजारो कलावंतांची नोकरी एका फटक्यात गेली. दुसरीकडे डीएनईजी ही कंपनी, जिचा मोठा कर्मचारीवर्ग मुंबई आणि चेन्नईत आहे, तिने ‘ड्यून’च्या दोन्ही भागांसाठी ऑस्कर मिळवलं. काम इथे होतं, पण कामाची सूत्रं पुष्कळदा लंडन आणि लॉस एंजेलिसकडे असतात, आणि तिकडचा संप किंवा मंदी इथल्या घरभाड्यावर येऊन आदळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न आता प्रत्येक पालक विचारतो. रोटो, पेंट यांसारखी साचेबंद कामं यंत्र सर्वांत आधी घेणार, आणि नवख्यांची सुरुवात नेमकी तिथेच होते. म्हणून फक्त ती कामं शिकवून ‘हमखास नोकरी’ देणाऱ्या सहा महिन्यांच्या कोर्सची मला आज सर्वांत जास्त भीती वाटते. पहिली दोन वर्षं पगार बेताचा, मुदतीच्या आधी रात्री जागणं ठरलेलं. ही गोष्ट घरात जेवणाच्या पानावर मोकळेपणाने बोलून घ्या. कर्ज काढणार असाल तर पहिल्या पगारातून त्याचा हप्ता जाईल असं गृहीत धरू नका.

वर्षाचं वेळापत्रक

यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा जानेवारीत होते. एनआयडीची पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. राज्याची कला सीईटी त्यानंतर, उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे बारावीच्या निकालानंतर चौकशीला निघालेल्या मुलाच्या बहुतेक मोठ्या परीक्षा होऊन गेलेल्या असतात, आणि त्याच्यासाठी उरतात ते थेट प्रवेश देणारे महागडे पर्याय. अकरावीच्या पावसाळ्यात वही सुरू करावी, बारावीच्या गणपतीपर्यंत वीस-पंचवीस पुरी झालेली कामं हाताशी असावीत, आणि दिवाळीच्या आधी अर्ज भरून झालेले असावेत. परीक्षा केंद्र रत्नागिरीबाहेर येण्याची शक्यता असते, तेव्हा जानेवारीच्या तारखा जाहीर झाल्या की कोकण रेल्वेचं आरक्षण त्याच दिवशी करा.